लातूरला न जाणारं विमान

विमानतळाच्या कुंपणाआत गवत फार माजतं. पावसाळा सरता सरता ते कमरेला लागतं. त्यात ससे लपतात, सशांमागं घारी येतात, आणि घारींचं अन् विमानांचं काही जमत नाही. म्हणून गवत कापायला बाया लागतात. नांदेडच्या विमानतळावरच्या अशा बायांमध्ये साखराबाई होती. विमानातून शिकलेसवरलेले लोक उतरायचे. त्यांना वाटत असेल, इथलं गवत मुळातच एवढं बारीक उगवतं.

साखराबाईचा नवरा कधीचाच गेलेला. एकुलती एक लेक आरती, ती दिलेली लातूरला. जावई शिवशंकर मार्केट यार्डात काट्यावर कामाला, तूर येवो का सोयाबीन, तोलून द्यायचं. माणूस सरळ. साखराबाई म्हणायची, "जावईबापू काट्यासारखेच हायती. वाकडं बोलत न्हाईत अन् गोड बी बोलत न्हाईत."

एकदा आरतीचा फोन आला.

"आई, मोबाईलमध्ये नांदेड ते लातूर किती लांब ते लिव्हलंय बघ."

"ते तर कंडक्टर बी सांगतो."

"कंडक्टर रस्त्यानं सांगतो. हे वरून हाय. विमानानं अर्धा तास बी लागत न्हाई म्हणं."

साखराबाई खाली बसली. तिला यष्टीनं लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत जाता जाता अर्धा दिवस मोडायचा. अर्ध्या तासात तर तिची चूल पेटायची नाही.

"मंग कवा सुटतं?"

"सुटत न्हाई. विमानच न्हाई लातूरला. नुसतं लिव्हलंय."

"जे न्हाईच, त्याला किती येळ लागतो ते कशाला लिव्हून ठेवावं गं?"

आरती खूप हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून साखराबाईनं तो विषय जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं फाटकावरच्या मल्लेशला विचारलं. मल्लेश देगलूरकडचा, गणवेशातला माणूस, त्याला विमानांतलं कळत असणार असं बायांचं मत होतं.

"मल्लेश, लातूरला विमान का न्हाई रे जात?"

"मावशी, विमान लांबच्या लोकांसाठी असतं. जवळच्यांसाठी यष्टी."

"जवळ? तू जा एकदा माझ्यासंगं त्या रस्त्यानं. माळेगावच्या खंडोबाला बी विचार, किती जवळ हाय ते."

तेव्हापासून मायलेकींचा खेळच झाला. रविवारी फोन आला की आरती विचारायची, "निघालीस का?"

"निघाले की. खिडकीपाशी बसले. खाली लोहा दिसून राहिलं. बाजार भरलाय."

"पट्टा बांधला का?"

"पदर खोचलाय. त्यो पट्ट्याहून घट्ट हाय."

असं चालायचं. एका रविवारी मात्र आरती म्हणाली, "विमानात बाया पाणी देतात म्हणं, आई. त्यांच्या हातचं तरी पिशील का?"

साखराबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, "रेंज न्हाई ऐकू येऊन राहिली," आणि फोन ठेवला.

तर आता हे पाण्याचं सांगायला पाहिजे. लेकीच्या घरी पाळणा हलल्याशिवाय आईबापानं तिथलं पाणी प्यायचं नाही, ही रीत जुनी आहे. पूर्वी पाळणा वर्षा-दोन वर्षांत हलायचा. आईबाप आहेर घेऊन जायचे, पोटभर जेवून यायचे, रीत फिटायची. ज्यांनी रीत घातली त्यांनी आरतीसारखीचा विचार केला नव्हता. तिच्या लग्नाला एक तप होऊन गेलं होतं. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. लातूरचे डॉक्टर झाले, सोलापूरचे झाले, औशाचा एक जडीबुटीवाला झाला. साखराबाईनं माहूरच्या रेणुकाईला नवस बोलला आणि गुडघ्यांच्या कुरकुरीला न जुमानता पायऱ्या चढून आली. देवीनं ऐकून घेतलं असेल, पण उत्तर दिलं नाही.

त्यामुळं साखराबाई लातूरला जायची ती सकाळच्या यष्टीनं, आणि दिवस कलायच्या आत परत निघायची. भाकरी फडक्यात, पाणी बाटलीत. नांदेडचं पाणी निम्म्या वाटेतच संपायचं. मग अहमदपूरला गाडी थांबली की ती उतरायची आणि स्टँडाबाहेर गुरम्माच्या चहाच्या टपरीवर रांजणातून बाटली भरून घ्यायची. लेकीच्या घरी बसून तेच पाणी घोट घोट पुरवायचं. गुरम्मा म्हणायची, "साखराबाई, तुमच्या लेकीच्या सासरला माझा रांजण आंदण दिल्यावानी झालाय."

आणि लातूर तर असं गाव, की जिथं एकदा रेल्वेनं पाणी आणलं होतं. त्या उन्हाळ्यात साखराबाई पाण्याचे कॅन घेऊन यष्टीत चढायची. कंडक्टर विचारायचा, "मावशी, सगळी गोदावरी घेऊन निघालात का?"

"लेकीकडं निघाले. रिकाम्या हातानं जाऊ व्हय?"

आरती ते पाणी औषधासारखं मोजून प्यायची. आईनं आणलेलं पाणी लेकीनं प्यावं, पण लेकीनं भरलेलं आईनं पिऊ नये. शिवशंकरला हे कोडं कधी सुटलं नाही. पण तो दोन्हीकडची पारडी बघून गप्प राहणारा माणूस.

आरतीनं आईसाठी एक वेगळं मडकं ठेवलं होतं. नळाला पाणी येवो न येवो, आई येणार असं कळलं की ती ते मडकं घासायची, भरायची, वर पितळेचा तांब्या पालथा घालायची. आई यायची, बसायची, आपल्या बाटलीतलं प्यायची. आई गेली की मडक्यातलं सगळं पाणी तुळशीला. शेजारणी म्हणायच्या, साऱ्या गल्लीच्या तुळशी वाळल्या, आरतीची तेवढी कशी हिरवी?

गवत कापणाऱ्या बायांमध्ये इतवारा मोहल्ल्यातली रईसा होती. दोघी एका रांगेत बसायच्या, एकीचा विळा दुसरीच्या हातात गेला तरी कळू नये इतकी जोडी. रईसाचा नवरा गफूर रिक्षा चालवायचा. रईसाला हे पाण्याचं पटत नव्हतं, आणि न पटलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

"मी माझ्या लेकीकडं, तूबाकडं, परभणीला जाते ना साखरा, तर दोन वक्ताचं खाते, वर डबा भरून आणते. जावई दारात उभा राहून बघतो, म्हातारी जाते कधी."

"तुला नातवंडं हायती."

"नव्हती तवा बी खात होते. नातवंडं काय माझ्या भुकेला ईचारून आली का?"

साखराबाईनं विळा खाली ठेवला. जे कुणाला बोलली नव्हती ते त्या दिवशी बोलली. "रईसा, रीत-बीत सोड. मी जर पाणी प्याले, तर आरती काय समजंल? आईनं वाट बघायचं सोडलं. मी त्या घरात तहानलेली बसते ना, तवर तिला लेकरू व्हायचं हाय."

रईसानं तो विळा उचलला आणि साखराबाईच्या वाटणीचं गवत कापायला लागली.

पण हे साखराबाईनं लेकीला कधी सांगितलं नाही. आणि आरतीला वाटत राहिलं की आपलं घर आईला अजून घरच वाटत नाही.

यंदा महालक्ष्म्या झाल्या आणि साखराबाई लातूरला जाऊन आली. आरती त्या दिवशी वेगळी दिसत होती, रडून मोकळी झालेली असावी तशी. तिनं तांब्या भरला आणि आईपुढं ठेवला.

"आई, आता व्हायचं न्हाई. डॉक्टरनं साफ सांगितलं. आम्ही दोघांनी बी आता जिवाला लावून घ्यायचं सोडलं. तू पी पाणी."

"डॉक्टर काय देव हाय व्हय?"

"देवाचं मला नको सांगू. तू बोल. आम्ही दोघं राहतो की ह्या घरात. दोघांचं घर न्हाई का होत? तू एकडाव ह्या घराला घर म्हण."

साखराबाईनं तांब्याकडं पाहिलं. पाण्यात वरच्या पत्र्याच्या भोकातला उन्हाचा ठिपका हलत होता. तिचा हात मांडीवरून उठलासुद्धा. मग तो पदराकडं वळला आणि तिनं तोंड पुसलं.

"पुढच्या बारीला," ती म्हणाली.

आरतीनं तांब्या उचलला. "मंग पुढच्या बारीला विमानानं ये. यष्टीनं तुला लई येळ लागतो."

दोघी हसल्या. त्यात आरती किती हसली आणि साखराबाई किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पुढची बारी लवकर आली. बाया सकाळच्या उन्हात गवत कापत होत्या आणि साखराबाईच्या कमरेचा फोन वाजला. शिवशंकर होता. तो कधी स्वतःहून फोन करत नसे.

"मामी, आरतीला दवाखान्यात ठेवलंय. ताप हाय. पेशी कमी झाल्यात म्हणतात. तुमची आठवण काढून राहिली. येता का?"

"लई हाय का हो ताप?"

"या तुम्ही," एवढंच तो म्हणाला. सरळ माणसाला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायचं त्याला त्या वेळी धाडस झालं नसावं.

साखराबाई उभी राहिली तेव्हा धावपट्टीवरून एक विमान उठलं. सगळ्या बायांनी नेहमीसारखे कान झाकले. तिनं नाही झाकले. फाटकाशी आल्यावर तिनं मल्लेशला विचारलं, "लातूर कोणत्या अंगाला रे?"

मल्लेशनं हात करून दाखवलं. विमान त्याच्या उलट्या अंगाला वळून ढगात गेलं होतं.

रईसानं गफूरला रिक्षा घेऊन बोलावलं. त्यानं साखराबाईला घरी नेलं, तिनं पिशवीत दोन लुगडी कोंबली, आणि त्यानं तिला स्टँडवर लातूरच्या गाडीत बसवून दिलं. "चाची, पोहोचल्यावर रईसाला फोन मारा," तो म्हणाला. तिनं फोन पिशवीत टाकला, पिशवी सीटखाली सरकवली, आणि बाटली मांडीवर धरली.

बायांना अर्धं तिकीट. पण रस्ता काही अर्धा होत नाही. लोहा गेलं, माळेगाव गेलं. माळेगावला तिनं खंडोबाला बसल्या जागेवरून हात जोडले आणि मनाशी ठरवलं, ह्या बारीला पाणी प्यायचं. पण गाडी जसजशी पुढं जाऊ लागली तसं तिचं मन फिरू लागलं. लेक तापानं निजली असताना मी आज पाणी मागितलं, तर ती घाबरंल. म्हणंल, आईला काहीतरी कळलंय, म्हणून आई आज पाणी पिऊन राहिली. नको. ती उठून बसू दे, घरी येऊ दे, मग तिच्या हातानं घेईन. आजच्या दिवस आपली बाटलीच बरी.

अहमदपूर आलं. ड्रायव्हर चहाला उतरला. साखराबाई बाटली घेऊन उतरली, वर्षानुवर्षं उतरत होती तशीच.

गुरम्माचा रांजण नेमका त्या दिवशी रिकामा होता.

"थांबा की, आत्ता हापशावरून आणते. सकाळपासून गिऱ्हाईकच लई," गुरम्मा म्हणाली.

"गाडी जाईल गं."

"तुमच्याशिवाय कवा गेली का?"

गुरम्मानं घागर आणली, फडकं लावून गाळली, आणि बाटली भरता भरता विचारलं, "लेक बरी हाय ना?" साखराबाईनं सांगितलं. गुरम्मानं हळहळून तिचा हात धरला. मायेनं धरलेला हात कुणी झटकून टाकत नाही. तेवढ्यात गाडी सुटली.

आज गाडीवर कंडक्टर नवा होता. जुन्याला ठाऊक असायचं, की बाटलीवाली मावशी अजून यायची आहे. साखराबाई धावली. या वयात ती जितकी धावेल तितकी धावली. गाडीतल्या कुणी पाहिलं नाही. पिशवी गाडीत, फोन पिशवीत. हातात तेवढी भरलेली बाटली.

पुढची गाडी खच्चून भरलेली आली आणि न थांबता गेली. त्यापुढची आलीच नाही. गुरम्मा टपरी सोडून रस्त्यावर उभी राहिली, येईल त्या जीपला हात करत. शेवटी एका गाडीत साखराबाईला उभं राहायला जागा मिळाली. चाकूर गेलं, आष्टामोड गेलं. सगळ्या वाटेत तिनं त्या पाण्याचा एक घोटही घेतला नाही. तिचं तोंड वाळून गेलं होतं.

दवाखाना कोणता ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून कनवटीच्या पैशांत रिक्षा करून ती लातूरच्या स्टँडवरून घराकडं गेली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं वेग कमी केला. माणसं रस्त्यातच बसलेली होती. दारात बाया होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही वर पाहिलं नाही.

साखराबाईनं रिक्षातून उतरताना विचारलं नाही, काय झालं. तिनं एवढंच म्हटलं, "मला जरा वाट द्या."

आरतीला घरी आणून थोडाच वेळ झाला होता. कपाळाला मळवट भरलेला, सवाशिणीचं हिरवं लुगडं. तापानं तिचा चेहरा लहानपणासारखा झाला होता. साखराबाई तिच्या उशाशी बसली आणि तिच्या गालावरून हात फिरवत राहिली. एका म्हातारीनं हळू सांगितलं, "बाई, लेकीच्या तोंडात पाणी घाला. आईचं राहिलंय."

कुणीतरी वाटी पुढं केली. साखराबाईनं ती घेतली नाही. तिनं आपल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि अहमदपूरचं ते पाणी लेकीच्या ओठावर सोडलं. ओठ मिटलेले होते. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. तिनं ते पदरानं टिपलं, पोरीला जेवू घातल्यावर टिपत असे तसं.

पुरुष आरतीला घेऊन गेले आणि परत आले तेव्हा मावळतीचं ऊन भिंतीवर चढलं होतं. शेजारच्या घरातून भाकरी-पिठलं आलं होतं, पण कुणी हात लावला नव्हता. शिवशंकर येऊन साखराबाईपुढं उकिडवा बसला. त्याच्या हातात तिची पिशवी होती. यष्टीतल्या लोकांनी ती स्टँडवर जमा केली होती, तिथून त्याच्या ओळखीच्या कुणी आणून दिली होती.

"मामी, मी तुम्हाला फोन लावला होता," तो म्हणाला. "कुण्या बाईनं उचलला. म्हणाली, गाडी आत्ताच चाकूरहून निघाली. तेवढ्यात कटला. मला वाटलं तुम्ही झोपला असाल, शेजारणीनं उचलला."

साखराबाईनं पिशवी मांडीवर घेतली.

"आरती सारखी ईचारून राहिली होती, आई कुठवर आली. मी म्हणालो, चाकूर सोडलं. तशी ती म्हणाली..." तो थांबला. काट्यावर पोतं ठेवल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबतात, तसा थांबला. "म्हणाली, मंग बाटली भरली असंल तिनं. अन् हसली."



बऱ्याच वेळानं एक शेजारीण पेला घेऊन आली. "मावशी, सकाळपासून घशाखाली काही न्हाई तुमच्या. आमच्या घरचं पाणी हाय. एवढं घ्या."

साखराबाईनं मान हलवली. तिची नजर कोपऱ्यात गेली होती. मडकं तिथंच होतं. घासलेलं, भरलेलं, वर तांब्या पालथा.

"हे कवा भरलं?" तिनं विचारलं.

शिवशंकर म्हणाला, "ताप आला त्या दिवशी. म्हणाली, आईला बोलवा, मी मडकं भरून ठेवते. उभं राहवत नव्हतं तरी भरलं. दवाखान्यात गेल्यावर तसंच राहिलं. शिळं झालंय मामी. मी ओतून टाकतो. नळ आला की ताजं भरू."

"ओतू नका," साखराबाई म्हणाली. "तांब्यात द्या."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग उठला, तांब्या सुलटा केला, मडक्यात बुडवून भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. दारातल्या बायांना ती रीत ठाऊक होती. त्या बोलता बोलता थांबल्या.

साखराबाईनं तांब्या घेतला. पाण्याला मडक्याचा वास लागला होता. तिनं घाई केली नाही, मध्ये थांबली नाही, आणि तळाचा थेंबही राहू दिला नाही. लेकीच्या घरचं पाणी गोड असतं असं म्हणतात. ते खरं आहे का खोटं, हे तिनं पुढंही कुणाला सांगितलं नाही.

रिकामा तांब्या हातात धरून ती तशीच बसली.

"अजून देऊ का, मामी?" शिवशंकरनं विचारलं.

"हाव," ती म्हणाली, आणि तांब्या पुढं केला.